पेट्रोलियाच्या पश्चिमेला ४.४: एका छोट्या भूकंपाची बातमी वाचताना

सकाळचे साडेसहा वाजले असतील. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी मोबाइल हातात धरून उभ्या. "ताई, हे जरा वाचा हो. कॅलिफोर्नियात भूकंप झालाय. ह्याला फोन लावतेय, तर उचलत नाहीये."

"हा" म्हणजे त्यांचा मुलगा. बायको आणि मुलीसोबत सॅन होजेला असतो. मोबाइलवर एवढंच होतं: कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ, पेट्रोलियाच्या पश्चिमेला समुद्रात, ४.४ तीव्रतेचा भूकंप, खोली १० किलोमीटर.

मी म्हटलं, "वहिनी, आत या, चहा टाकते. त्याला काही झालेलं नाही. बहुतेक त्याला कळलंसुद्धा नसेल."

चहाला उकळी येण्याआधीच त्याचा फोन आला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती, तो ऑफिसमधून गाडी चालवत घरी निघाला होता. भूकंप झाल्याचं त्याला आईकडूनच कळलं. वहिनींचा जीव भांड्यात पडला. मग कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला एका ओळीवरून कसं कळलं?"

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. पुण्यात आज गल्लोगल्ली अशी घरं आहेत, ज्यांतलं कुणीतरी कॅलिफोर्नियात, जपानमध्ये किंवा न्यूझीलंडमध्ये आहे. अशी ओळ मोबाइलवर आली की त्या घरांत चहा तसाच गार होतो. म्हणून वहिनींना त्या दिवशी जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी नकाशा

"महाराष्ट्रात भूकंप" असं कुणी म्हटलं तर आपण लगेच विचारू, कुठे? गडचिरोलीला की सावंतवाडीला? कॅलिफोर्निया महाराष्ट्राहून मोठं राज्य आहे, हे मात्र घाबरलेल्या मनाला आठवत नाही. मी डायनिंग टेबलवर नकाशा उघडला. पेट्रोलिया ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पुण्याहून किल्लारी साधारण तीनशे. सॅन होजे तर त्याहूनही खाली, जवळजवळ चारशे किलोमीटरवर. ४.४चा हादरा तिथपर्यंत माणसाला जाणवेल अशा रूपात पोचत नाही. वहिनींना धीर दिला तो एवढ्याच हिशेबावर.

आता हे पेट्रोलिया. काही शे वस्तीचं गाव. १८६०च्या दशकात तिथे तेलाच्या विहिरी खणल्या गेल्या, त्यावरून हे नाव पडलं. ते हम्बोल्ट काउंटीत येतं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखीच समजा. तिचं क्षेत्रफळ नऊ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आणि २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या १,३६,४६३. पुणे जिल्ह्यात २०११ साली ९४ लाख माणसं होती, म्हणजे चौरस किलोमीटरला सहाशे. तिथे पंधरा. त्या किनाऱ्याच्या एका पट्ट्याला तर नावच 'लॉस्ट कोस्ट', हरवलेला किनारा, असं आहे. कॅलिफोर्नियाचा प्रसिद्ध सागरी महामार्ग, हायवे वन, दक्षिणेकडून किनारा धरून येतो आणि या पट्ट्यापाशी समुद्र सोडून आत वळतो. समुद्रालगतचे डोंगर इतके उभे आहेत की किनाऱ्याने रस्ता नेणंच जमलं नाही. किंग पीक हे शिखर समुद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे आणि त्याची उंची १,२४६ मीटर. आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३००च्या आसपास, पण तो समुद्रापासून किती आत! इथे तेवढा डोंगर थेट लाटांमधून वर आलेला आहे.

तो डोंगर उभा का आहे आणि भूकंप तिथेच का होतात, या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

तिठा

कोकणात तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात. पृथ्वीचं वरचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं बनलेलं आहे. त्यांना भूपट्ट किंवा प्लेट म्हणतात. पेट्रोलियाच्या किनाऱ्यालगत अशा तीन भूपट्टांचा तिठा आहे. पूर्वेला उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, ज्यावर ते गाव वसलं आहे. नैर्ऋत्येला प्रशांत महासागराचा अवाढव्य भूपट्ट. आणि वायव्येला गोर्डा नावाचा एक लहानसा तुकडा. जवळच्या मेंडोसिनो भूशिराच्या नावावरून या जागेला मेंडोसिनोचा तिठा म्हणता येईल.

या तिठ्यावर तिघांची तीन वेगळी भांडणं चालू आहेत. दक्षिणेकडे प्रशांत आणि उत्तर अमेरिका हे भूपट्ट एकमेकांना घासत आडवे सरकतात. ती सीमा म्हणजे बाराशे किलोमीटर लांबीचा, सर्वांना नावाने माहीत असलेला सॅन अँड्रियास प्रस्तरभंग, म्हणजे कवचातली लांबलचक भेग. तो इथे येऊन संपतो. उत्तरेकडे गोर्डा उत्तर अमेरिकेच्या पोटाखाली शिरतो आहे. पश्चिमेकडे समुद्रतळावर गोर्डा आणि प्रशांत एकमेकांना घासतात. शिवाय गोर्डा लहान आणि तुलनेने तरुण, दोन दांडग्यांच्या मधे सापडलेला. तो कडांवर तर तुटतोच, आतूनही पिचतो. त्यामुळे कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त भूकंप होणाऱ्या जागांमध्ये हा कोपरा येतो, आणि त्यातले बरेचसे समुद्राखाली होतात.

जमीन तिथे दाबली जाते आणि वर उचलली जाते. हे काम अजून थांबलेलं नाही. २५ एप्रिल १९९२ रोजी तिथे ७.२चा भूकंप झाला तेव्हा काही किलोमीटरचा किनारा काही सेकंदांत एक मीटरहून अधिक वर आला. ओहोटीच्या रेषेवर खडकांना चिकटून राहणारे शिंपले आणि शेवाळ कायमचे पाण्याबाहेर राहिले आणि उन्हात सुकून मेले. डोंगर असाच चढत गेला आहे, एकेका भूकंपागणिक. उभे डोंगर म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून वस्ती नाही. भूकंपाच्या बातमीत "विरळ वस्तीचा भाग" हे शब्द दिलासा म्हणून येतात, पण इथली वस्ती विरळ ठेवण्यात त्या भूकंपांचाच मोठा वाटा आहे.

हे भूपट्ट सरकतात किती? प्रशांतचा वेग उत्तर अमेरिकेच्या तुलनेत वर्षाला ५ सेंटीमीटरच्या घरात. आपली नखं साधारण त्याच गतीने वाढतात. अडचण अशी की ते रोज थोडंथोडं सरकत नाहीत. जड लोखंडी ट्रंक शहाबादी फरशीवरून ओढून बघा. तुम्ही जोर लावता, ती हलत नाही. अजून जोर लावता, हात ताणले जातात, तरी नाही. आणि एकदम खर्रकन वीतभर पुढे येते. खडकांचंही तसंच होतं. कडा अडकलेल्या राहतात, मागून ढकलणं चालूच असतं, खडक वाकून ताण साठवतो आणि एका क्षणी अडकलेली जागा सुटते. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर शेतांची सरळ कुंपणं मधेच तुटून काही मीटर बाजूला गेलेली दिसली. त्या मोजमापांवरून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० साली हा विचार पहिल्यांदा नीट मांडला.

४.४च्या भूकंपात सुटणारी जागा लहान असते. एक-दोन किलोमीटर रुंदीचा खडकाचा पृष्ठभाग, आणि तो सरकतो काही सेंटीमीटर. बस, एवढंच. काम एका सेकंदाच्या आसपास संपतं.

"तीव्रता" हा शब्द आपल्याला फसवतो

मराठी वर्तमानपत्रं "४.४ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप" असं लिहितात. त्या वाक्याने गेली कित्येक वर्षं गोंधळ घातला आहे. शास्त्रात इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंप मुळात केवढा होता. दुसरी इंटेन्सिटी, म्हणजे तुमच्या घरात किती हललं. आपण दोन्हींना तीव्रता म्हणतो.

ढोलाचं उदाहरण घ्या. लक्ष्मी रोडवर पथकाने ढोलावर टिपरू किती जोरात मारलं, ते एकच असतं. पण पहिल्या रांगेत उभ्या माणसाच्या छातीत ते धडधडतं आणि कोथरूडच्या गच्चीवर दूरची गुणगुण ऐकू येते. मारलेला टोला म्हणजे मॅग्निट्यूड, एका भूकंपाला एकच. ऐकू आलेला आवाज म्हणजे इंटेन्सिटी, जागोजागी वेगळी. इंटेन्सिटीसाठी मर्काली नावाची बारा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. पहिल्या पायरीला कुणालाच काही कळत नाही, बाराव्या पायरीला काहीच उभं राहत नाही. पेट्रोलियाजवळच्या समुद्रातला ४.४ किनाऱ्यावरच्या घरात तिसऱ्या-चौथ्या पायरीचा, म्हणजे शेजारून ट्रक गेल्यासारखा. खिडकीची काच थरथरते, टांगलेला दिवा हलतो. वहिनींच्या मुलाच्या घरी पहिली पायरी.

चार्ल्स रिश्टर यांनी आपली मोजपट्टी १९३५ साली मांडली, तीही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी आणि एका विशिष्ट यंत्रासाठी. आज मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञ मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात. त्यात किती पृष्ठभाग किती सरकला याचा हिशेब असतो. पण रिश्टर हे नाव आपल्या तोंडी बसलं आहे, आणि त्याने फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते आकड्यांच्या पायऱ्यांमुळे. ४ आणि ५ यांत फरक एकाचा दिसतो. प्रत्यक्षात एक आकडा वर गेला की जमिनीची हालचाल दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२पट होते. दोन आकडे वर, ऊर्जा हजारपट. ४.४च्या भूकंपातून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा विजेच्या भाषेत मांडली तर साधारण ७० हजार युनिट होते. आमच्या सोसायटीत ६० फ्लॅट आहेत. प्रत्येकाला महिन्याला १०० युनिट धरले, तर सगळ्या सोसायटीचं वर्षाचं वीजबिल एका सेकंदात. ऐकायला मोठं वाटतं, पण किल्लारीच्या ६.२मध्ये याच्या पाचशेपट ऊर्जा होती. आणि ७.०मध्ये आठ हजारपट.

यातच आणखी एका समजुतीचं उत्तर आहे. "छोटे धक्के बसलेले बरे, दाब मोकळा होतो." हे मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं आहे. ७.०एवढा ताण ४.४च्या धक्क्यांनी मोकळा करायचा तर असे आठ हजार धक्के लागतील. तितके होत नाहीत. छोटे भूकंप मोठ्याचा भार हलका करत नाहीत.

इतक्या दूरच्या समुद्रातली जागा कळते कशी

पावसाळ्यात वीज चमकली की आपण सेकंद मोजतो आणि गडगडाट किती उशिरा आला त्यावरून वीज किती लांब पडली ते ठरवतो. भूकंपाचंही तसंच. त्यातून दोन प्रकारच्या लहरी एकाच वेळी निघतात. प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर धावतात. दुय्यम लहरी साडेतीनएक, पण जास्त हलवणाऱ्या त्याच. दोन्हींमध्ये जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला आठने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळ मानाने मिळतं. कोयनानगर पुण्याहून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. म्हणजे तिथल्या भूकंपाची पहिली चाहूल आणि मुख्य हादरा यांत पुण्यात पंधरा सेकंदांचं अंतर पडतं.

एका यंत्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा पक्की कळत नाही. म्हणून त्या अंतराच्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. दुसऱ्या गावच्या यंत्रावरून दुसरं, तिसऱ्यावरून तिसरं. तिन्ही वर्तुळं छेदतात तिथे भूकंप. आज हे संगणक शेकडो यंत्रांवरून काही मिनिटांत करतात, पण तत्त्व हेच.

पेट्रोलियाजवळ गोची अशी की भूकंप समुद्रात आणि यंत्रं जवळजवळ सगळी जमिनीवर, म्हणजे एकाच बाजूला. पर्वतीवर वाजणारा चौघडा तुम्ही फक्त स्वारगेटच्या बाजूने ऐकत असाल, तर आवाज वरून येतो की मागून, हे सांगणं कठीण. म्हणूनच अशा भूकंपांच्या जागेत आणि खोलीत नंतर दुरुस्त्या होतात. त्या दिवशी वहिनींच्या मोबाइलवर आधी ४.६ आलं होतं आणि मग ४.४ झालं. त्यांना वाटलं, काहीतरी लपवतायत. तसं नसतं. पहिला आकडा संगणकाने घाईत काढलेला असतो, दुसरा माणसाने नोंदी तपासून. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आपल्या पानावर तो अहवाल आपोआप काढलेला आहे की तपासलेला, हे लिहितेच.

आणि ते "खोली १० किलोमीटर"! जगभरच्या भूकंपांच्या याद्या चाळल्या तर हा आकडा विलक्षण वेळा दिसतो. पृथ्वीला दहाची विशेष आवड नाही. खोली नीट ठरत नसेल, तर उथळ भूकंपासाठी १० किलोमीटर धरून बाकीचं गणित सोडवायची पद्धत आहे. तेव्हा ठीक १० दिसलं, तर ते "उथळ आहे, नक्की किती ते ठरायचंय" असं वाचावं.

खोली महत्त्वाची आहे कारण उथळ भूकंप घराच्या जवळ असतो. ५० किलोमीटर खोलीवरच्या धक्क्याला वर येताना तेवढं अंतर कापावं लागतं. पाच किलोमीटरवरचा थेट पायाखाली.

वहिनींनी इथे एक चांगला प्रश्न विचारला. पुण्यात तर कोयनेचे छोटे धक्केसुद्धा जाणवतात म्हणतात, मग तिकडचे का नाही? याला कारण दोन्हीकडच्या जमिनी. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. अखंड असला तर खणखणीत वाजतो, तडा गेलेला असला तर बद्द. दख्खनचं कवच जुनं, थंड आणि बऱ्यापैकी अखंड. त्यातून लहरी लांबवर जातात. कॅलिफोर्नियाची जमीन शेकडो प्रस्तरभंगांनी चिरलेली आहे, तिथे लहरी लवकर विरतात. तेवढ्याच आकड्याचा भूकंप आपल्याकडे जास्त दूरपर्यंत जाणवतो.

आकडा आणि माणसं

मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते हेच.

५ डिसेंबर २०२४. याच मेंडोसिनोच्या तिठ्याजवळ समुद्रात ७.०चा भूकंप झाला. आपल्याकडे मध्यरात्र नुकतीच उलटून गेली होती. काही मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला. त्या रात्री वहिनींच्या घरातला दिवा पहाटेपर्यंत जळत होता. इशारा तासाभराने मागे घेतला गेला. दुकानांच्या फळ्यांवरचा माल खाली आला, काही ठिकाणी वीज गेली. एकही माणूस दगावला नाही.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारी. ६.२. पेट्रोलियाजवळच्या त्या ७.०मध्ये याच्या सोळापट ऊर्जा होती. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद भागात आठ ते दहा हजार माणसं गेली. ५२ गावं उद्ध्वस्त झाली. पुण्यात मी दचकून उठले, पलंग हलत होता. नंतर हिशेब केला, तेव्हा लक्षात आलं की तो हादरा पुण्यात पोचायला जवळजवळ दीड मिनिट लागलं असणार. म्हणजे मला जाग आली, तेव्हा तिथली घरं पडून झाली होती. तो हिशेब मी वर्गात फळ्यावर कधी केला नाही.

भूकंप उथळ होता, गावांच्या खालीच होता, आणि घरं माळवदाची होती. जाडजूड भिंती, बाहेरून दगड, आत दगड, मधे मातीचा गारा, आणि वर ऊन-पाऊस अडवायला दरवर्षी थापून थापून जड झालेलं मातीचं छप्पर. उन्हाळ्यात हीच घरं गार राहायची. भिंत फुटली की ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हम्बोल्टमधली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची आणि हलक्या छपराची. ती करकरतात, वाकडी होतात, कधी पायावरून घसरतात, पण माणसाला गाडत नाहीत. २० डिसेंबर २०२२ला तिथल्या फर्नडेल गावाजवळ ६.४चा भूकंप झाला, किल्लारीपेक्षा मोठा. घरांचं नुकसान झालं, हजारो घरांची वीज गेली. वैद्यकीय मदत वेळेत न मिळाल्याने दोन वृद्ध दगावले. ते दोन जीवही मोलाचेच. पण किल्लारीशेजारी तो आकडा ठेवला की घर कसं बांधलंय याला किती अर्थ आहे ते कळतं.

अंतरही पुरेसं नसतं. २६ जानेवारी २००१च्या भुजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. नदीकाठची मऊ, गाळाची जमीन हादरा वाढवते, आणि तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उभा केलेली इमारत तो सहन करत नाही. पुण्यात आज अशा किती इमारती आहेत, हे संध्याकाळी चालायला निघाल्यावर कुणालाही मोजता येईल.

मग मोठा येणार का?

जगात ४ ते ५च्या दरम्यानचे भूकंप वर्षाला दहा ते पंधरा हजार होतात. रोज तीस-चाळीस. त्यातला एखादाच पुढच्या मोठ्या भूकंपाची नांदी असतो. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून असा अंदाज आहे की कुठल्याही भूकंपानंतर पुढच्या काही दिवसांत त्याच भागात त्याहून मोठा होण्याची शक्यता शंभरात पाच. मोठा म्हणजे अतिप्रचंड असंही नाही, ४.४नंतरचा ४.८सुद्धा त्यात मोजला जातो. नेमका दिवस आणि वेळ सांगणारी पद्धत जगात कुणाकडे नाही. "अमुक तासांत महाभूकंप" असा फॉरवर्ड आला, तर तो कुणाच्याही नावाने असो, पुढे पाठवू नका.

त्सुनामीचा प्रश्न मात्र वेगळा समजून घ्यावा. त्यासाठी समुद्रतळ उभ्या दिशेने उचलला किंवा खचला पाहिजे, आणि तोही मोठ्या पट्ट्यावर. ४.४ला ते शक्यच नाही. २०२४च्या ७.०मध्ये तळ मुख्यतः आडवा सरकला, म्हणून मोठी लाट आली नाही. तरी इशारा दिला गेला, कारण किनारा इतका जवळ असताना आधी खात्री आणि मग इशारा हा क्रम जीवघेणा ठरला असता.

कारण त्या तिठ्याच्या उत्तरेला, गोर्डा आणि त्याचा मोठा भाऊ हुआन दे फुका हे भूपट्ट उत्तर अमेरिकेखाली शिरतात, तिथे खरोखर अतिप्रचंड भूकंप होऊ शकतो. शेवटचा झाला तो २६ जानेवारी १७०० रोजी, ९च्या आसपासचा. किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या कथांमध्ये तो आहे, खाऱ्या पाण्यात बुडून वाळलेल्या झाडांच्या खोडांत आहे, आणि तारीख कळली ती समुद्रापलीकडे जपानच्या दप्तरांमधून. तिथे भूकंप न होताच लाट आली, असं तिथल्या लोकांनी लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे त्यानंतर महिनाभराने, मार्चच्या सुरुवातीला, सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं. अशी सांगड घातली की १७०० साल एकदम ओळखीचं वाटू लागतं.

म्हणून तिथल्या छोट्या भूकंपांची नोंद इतक्या काळजीने ठेवतात. एकेका ४.४ने खाली कुठली कड कुठल्या दिशेने सरकली ते कळतं. असे हजारो ठिपके नकाशावर मांडले की खाली शिरणारा भूपट्ट किती तिरका आहे, कुठे अडकला आहे, याचं चित्र उमटतं.

आपल्याकडे हेच काम कोयनेला चालतं. "कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरणाला धोका नाही" ही एका कॉलमाची बातमी तुम्ही लहानपणापासून वाचली असेल. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तिथे ६.३चा भूकंप झाला आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. सदाशिव पेठेतल्या वाड्यात मांडणीवरची भांडी कशी खणखणली, ते आई शेवटपर्यंत सांगायची. तिथे भूपट्टांचा तिठा नाही. धरणात साठलेल्या पाण्याचं वजन आणि भेगांमधून खोलवर झिरपणारं पाणी यांनी आधीच ताणलेल्या खडकांना निमित्त दिलं, असं शास्त्रज्ञ मानतात. आजही पाणी चढ-उतार करतं तसे धक्के येत राहतात. त्यांचा अभ्यास करायला कराडला एक प्रयोगशाळा आहे, आणि त्या भागात ३ किलोमीटर खोल विंधनविहीर खणून खडक तपासले गेले आहेत.

भारतीय मानकांच्या २०१६च्या नकाशात कोयना चौथ्या विभागात आहे, पुणे तिसऱ्या. तिसरा म्हणजे मध्यम धोका.

हे ऐकून वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग उठून मला समोरच्या आपल्या घरी, बेडरूमकडे घेऊन गेल्या. पलंगाच्या डोक्याशी गोदरेजचं सहा फुटी कपाट, त्यावर दोन बॅगा आणि पितळी घंगाळ. त्यांनी तिथूनच मुलाला परत फोन लावला आणि विचारलं, तुझं कपाट भिंतीला बांधलेलं आहे का? तो म्हणाला, आई, घर घेतलं त्याच आठवड्यात.

शनिवारी सुतार आला. कपाट आता पट्टी आणि स्क्रूने भिंतीला जखडलेलं आहे, घंगाळ खाली पलंगाच्या पायाशी आहे. जाता जाता त्याने माझ्याकडची पुस्तकांची मांडणीही बांधून दिली.